हॉटेलातली न्याहारी

तालुक्याला काम निघते. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाला बँकेत जायचे असते. मग आपण गेवराईला जातो, माजलगावला जातो, नाहीतर थेट बीडला जातो. सकाळची पहिली एस.टी. धरायची, म्हणून घरी काही खाणे होत नाही. स्टँडवर उतरलो की समोर हॉटेल दिसते. कढईत भजे तळत असतात. वास नाकात शिरतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात.

यात वाईट काही नाही. भुकेल्या माणसाने खावे. पण काय खावे आणि किती खावे, ते आज आपण पाहू या.

अन्नात ताकद असते. ही ताकद मोजता येते. धान्य किलोने मोजतात, दूध लिटरने मोजतात, तशी अन्नातली ताकद उष्मांकाने मोजतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे एक उष्मांक. डॉक्टर लोक यालाच कॅलरी म्हणतात.

माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात? हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या जाणत्या लोकांनी २०२० साली याचा हिशेब दिला. बसून काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २११० उष्मांक लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्याला २७१० लागतात. जड कष्ट करणाऱ्याला ३४७० लागतात. बाईमाणसाला याच क्रमाने १६६०, २१३० आणि २७२० लागतात.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. बसणारा आणि राबणारा यांच्यात १३६० उष्मांकांचा फरक आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. या माणसांनी पोटभर खाल्लेच पाहिजे. त्यांना कमी खा असे कुणी सांगू नये. पण तोच गडी तहसील कचेरीत दिवसभर बाकावर बसला, तर त्या दिवशी त्याचे अंग कारकुनाइतकेच काम करते. पोटाला मात्र हे कळत नाही. ते कोयत्याच्या दिवसाएवढेच मागते.

आता हॉटेलातली ताटली पाहू. ताटली लहानमोठी असते, म्हणून हे आकडे अंदाजाने धरावेत. एका पुरीत सुमारे १०० उष्मांक असतात. पाच पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मिळून ६५० होतात. मग काम लांबते. कारकून साहेब जेवायला गेलेले असतात. तेवढ्यात गावचा सोयरा भेटतो, आणि पुन्हा १०० ग्रॅम भजे येतात. ते ३०० धरा. दिवसात चार वेळा चहा होतो. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा सुमारे ६५ उष्मांकांचा, म्हणजे चार कपांचे २६०. बेरीज करा. १२१० झाले. बसणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा अर्ध्याहून जास्त भाग संपला, आणि अजून भाकरी पोटात गेलेलीच नाही! चार चहांतून आठ चमचे साखर गेली, ती वेगळीच.

एवढे उष्मांक येतात कुठून? तेलातून. एक ग्रॅम पिठात सुमारे साडेतीन उष्मांक असतात. एक ग्रॅम तेलात नऊ असतात. तव्यावरची भाकरी तेल पीत नाही. कढईतली पुरी तेल पिते. म्हणून तीच भूक, तेच पोट, पण हिशेब वाढतो.

एखाद्या दिवशी असे झाले तर काही बिघडत नाही. लग्नात आपण जिलबी खातोच. आम्हाला काळजी वाटते ती रोज सकाळी फाट्यावर बसणाऱ्यांची. मोटरसायकलीवर यायचे, भजे खायचे, दोन चहा घ्यायचे, गप्पा मारायच्या आणि मोटरसायकलीवर परत जायचे. शेतात ट्रॅक्टर चालतो. अंग हलत नाही. जास्तीचे उष्मांक चरबी होऊन साठतात. पोट सुटते, रक्तदाब वाढतो, साखरेचा आजार मागे लागतो. पूर्वी या आजाराला शेठलोकांचा आजार म्हणत. २०२३ साली मोठ्या पाहणीचा निकाल आला. देशात सुमारे १० कोटी लोकांना हा आजार आहे असे त्यात निघाले. त्यात खेड्यातलेही पुष्कळ आहेत.

मग हॉटेलात मागवावे काय? पोहे, सुशीला किंवा उप्पीट यांची एक ताटली सुमारे २५० उष्मांकांची होते. दोन इडल्या आणि सांबार २०० च्या आसपास. मिसळीतली मटकी चांगली, पण वरची तर्री म्हणजे तेलच. तर्री कमी आणि फरसाण वेगळे द्या, असे सांगता येते. भजे खायचेच असतील तर एक ताटली दोघांत घ्यावी. आधी कढईकडे नजर टाकावी. तेल काळे पडले असेल, धूर येत असेल, तर तिथे तळलेले खाऊ नये. तळून तळून खराब झालेले तेल वापरू नये, असा सरकारी नियमही २०१८ पासून आहे.

खरी अडचण पाहुणचाराची असते. "घ्या की मास्तर, एका भज्याने काय होतंय?" असे म्हणून लोक ताटली पुढे सरकवतात. नाही म्हटले तर राग येतो. आम्ही अशा वेळी म्हणतो, "चहा घेऊ, पण साखर कमी." त्यांचाही मान राहतो, आपलेही भागते. पोऱ्याला सांगितले की तो बिनसाखरेचा चहाही आणून देतो. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी घराबाहेर पडू नये. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते.

आता बायाबापड्यांविषयी. पुरुष हॉटेलात पुरीभाजी खातो आणि बरोबर आलेली बाई झाडाखाली पिशवी सांभाळत बसते. 'बाईने हॉटेलात कशाला खायचं' आणि 'पैसे कशाला घालवायचे' असे तीच म्हणते. पहाटे उठून तिने घरचे सगळे आवरलेले असते. संध्याकाळी परतली की पुन्हा चूल आहेच. तिच्या वाट्याला १६६० उष्मांकसुद्धा येत नाहीत. ज्या पैशात एकाची पुरीभाजी आणि वर भजे येतात, त्यात दोघांचे पोहे आणि चहा होतो. घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली तर आणखीच चांगले. आणि तिच्या न्याहारीचा खर्च एस.टी.च्या भाड्यासारखा आदल्या रात्रीच हिशेबात धरून ठेवावा.