अडकित्ता : पाते, शब्द आणि संग्रह

खाजगी संग्रहातील हातघडणीच्या पात्याची वाखाणणी बहुधा मुठीपासून सुरू होते. नक्षी, धातूची जडण, आकृतीचा डौल यांकडे प्रथम लक्ष जाते. धार मागाहून पाहिली जाते. कट्यार किंवा बिचवा यांच्याबाबत हे समजण्यासारखे आहे, कारण संग्रहात आलेल्या शस्त्राने पुन्हा वार करावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. परंतु घरगुती पात्याच्या बाबतीत या सवयीमुळे वस्तूचा अर्थच निसटतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहताना ही गोष्ट विशेष जाणवते.

हा संग्रह मुळात एका कवीचा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, बालवयात निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांची ओढ दिवे, दौती, फण्या, वज्र्या, अडकित्ते अशा नित्याच्या वस्तूंकडे होती. ज्या वस्तूंची नोंद बखरकार घेत नाही, त्या कवीने जमवाव्यात हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

अडकित्ता म्हणजे एका टोकाशी खिळ्याने जोडलेल्या दोन दांड्या. वरच्या दांडीला धार असते, खालची सुपारीला आधार देते. सुपारी खिळ्याजवळ ठेवून दुसऱ्या टोकाशी दाब दिला की तरफेच्या नियमाने तो अनेक पटींनी वाढून पात्यावर येतो. म्हणूनच वाळून टणक झालेली सुपारी वृद्ध हातांनाही फोडता येते. सारी करामत त्या खिळ्यात आहे. तो ढिला असेल तर पाते बाजूला कलते आणि सुपारीचा भुगा होतो. फार आवळलेला असेल तर मनगट दुखते. कागदासारखी पातळ कातरण पडणे ही जितकी कातरणाऱ्याच्या हाताची, तितकीच खिळा बसविणाऱ्याच्या नजरेची परीक्षा असे. पोपट, मोर, घोडा, मिथुन ही रूपे त्यानंतरची. काही अडकित्त्यांत दोन दांड्या म्हणजे स्त्रीपुरुषांच्या आकृतीच असतात आणि अडकित्ता मिटला की त्या परस्परांना भेटतात. अशा वेळी कारागिराची कल्पकता आकृतीत नसून आकृती आणि हालचाल यांच्या मेळात असते. काचेआड मिटून ठेवलेल्या वस्तूत ती अर्धीच दिसते.

पितळी दांड्या ओतणे आणि लोखंडी पात्याला धार आणणे ही दोन वेगळ्या हातांची कामे. मेणाचा साचा वितळवून धातू ओतण्याचे तंत्र कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ (११२९) या ग्रंथात वर्णिलेले आहे. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलाला स्वतंत्र स्थान आहे, आणि मराठीचे काही जुने भाषिक अवशेषही त्यातच सापडतात. आजच्या कर्नाटकात मोडणाऱ्या बसवकल्याणच्या राजसभेत तांबूल, ओतकाम आणि मराठी ही तिन्ही एकाच ग्रंथात एकत्र यावीत, हा योगायोग अभ्यासकाने नजरेआड करू नये.

कारण खुद्द ‘अडकित्ता’ हा शब्दही तिकडूनच आला आहे. कन्नडात सुपारीला ‘अडके’ म्हणतात आणि ती कातरण्याच्या साधनाला ‘अडकत्तरी’. बेंगळूरजवळचे बेळ्ळंदूर एके काळी तळ्याकाठचे खेडे होते; आता इमारतींनी भरलेल्या त्या भागात एखाद्या मराठी घरातून जुना अडकित्ता निघाला, तर शेजारच्या कन्नड आजीबाईंना त्याचे नाव समजावून सांगावे लागणार नाही. ‘कत्तरी’ ही संस्कृत ‘कर्तरी’चीच लेक, मराठीची ‘कात्री’ तिची बहीण. सुपारीच्या वनस्पतिशास्त्रीय नावातील ‘अरेका’ हा शब्दही पोर्तुगीजांनी याच द्राविड शब्दकुळातून उचलला. उत्तरेकडे मात्र नाते तुटते: हिंदीत सरौता, गुजरातीत सूडी, बंगालीत जाँती. संस्कृतात यासाठी ‘शंकुला’ असा शब्द आहे. तृतीया तत्पुरुष समासाचे ‘शंकुलाखंड’ हे उदाहरण वैयाकरणांनी पिढ्यान्‌पिढ्या दिले. पण ते घोकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे शंकुला ही वस्तू क्वचितच कोणी ठेवली असेल. परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूलाच्या इतिहासाबरोबर अडकित्त्याच्या इतिहासाचाही स्वतंत्र विचार केला, तो म्हणूनच मोलाचा.

वाङ्मयात या वस्तूची धार टिकून आहे. ‘अडकित्त्यात सापडणे’ म्हणजे दोन्हीकडून कोंडी होणे, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. परंतु त्यातील भीती खिळ्याशी आहे, हे अडकित्ता हाताळल्याखेरीज कळत नाही. सुपारी जितकी खिळ्याच्या निकट, तितकी सुटका कठीण. सिंहली भाषेत या साधनाला ‘गिरय’ म्हणतात. पुण्यकांते विजयनायके यांनी १९७१ च्या आपल्या इंग्रजी कादंबरीला हेच नाव दिले. एका जुन्या वाड्याच्या चिमटीत सापडलेल्या सुनेची ती कथा आहे. मराठी वाक्प्रचार आणि सिंहली लेखिकेचे शीर्षक यांचा परस्परांशी संबंध नाही. दोहोंना एकाच पात्याने ही प्रतिमा पुरविली.

ही वस्तू घरातून गेली याबद्दल निव्वळ हळहळ व्यक्त करणे मात्र बरोबर नव्हे. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. तबकातला विडा मागे पडण्यास केवळ अरसिकता कारणीभूत नाही.

पुण्याबाहेरही असे संग्राहक झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग (१९१३-१९९८) यांनी भारत आणि आग्नेय आशिया येथील अडकित्ते जमविले आणि त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी ग्रंथ लिहिला. गणितज्ञाला दोन दांड्या आणि एक खिळा यांच्या असंख्य रूपांत काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. कोणत्याही संग्रहात प्रथम पाहावा तो मात्र धार लावून लावून झिजलेला, दांडीवरील आकृतीचे नाक पुसट झालेला अडकित्ता. त्यावरच्या बोटांच्या खुणा कारागिराच्या नसून कातरणाऱ्याच्या आहेत.