रोज सकाळीच पोट का दुखतं?

दहावीतली मुलगी. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं, मळमळायचं. आईने ओवा दिला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, शेवटी उसने पैसे घेऊन सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणू लागले, नाटक करते. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात एका मावशीने दृष्ट काढायचंही सुचवलं! विहारातल्या आमच्या आरोग्य बैठकीला ती आली तेव्हा रविवार होता आणि पोट अजिबात दुखत नव्हतं.

ते नाटक नव्हतं. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पचन बिघडतं. दुखणं खरं असतं, सोनोग्राफीत मात्र दिसत नाही.

'बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?' हे आपण घरोघरी बोलतो. आम्हीही आमच्या मुलांना बोललो आहोत. घाबरलेल्या लेकराला त्यातून बळ मिळत नाही, आपण कुणाच्याच लायकीचे नाही असं त्याला वाटू लागतं.

एका खोलीच्या घरात सगळ्यांसमोर मूल बोलणार नाही. दळण आणायला सोबत न्या, वाटेत विचारा, आणि लगेच उपदेश करू नका. ही मुलगी अशीच चालता चालता आईशी बोलली. स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या वेळी बाईंनी भर वर्गात 'एससीवाल्या उभ्या राहा' म्हटलं होतं, तेव्हापासून मुली टोमणे मारत होत्या. अशा भीतीवर मुलीला धीट हो म्हणून काय उपयोग? आई-वडील वस्तीतल्या दोघांना घेऊन शाळेत गेले, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उभं करणं थांबलं. पोट मात्र आणखी काही आठवडे दुखत राहिलं.

त्या दिवसांत तिला घरी बसवू नका, असं आम्ही सांगितलं. घरी ठेवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती जास्त वाटते. सुरुवातीला मैत्रिणीसोबत, हवं तर अर्धा दिवस, पण जाऊ द्यावं. छाती धडधडली की आनापानासारखं श्वासाकडे लक्ष द्यायचं. तीन आकडे मोजत श्वास आत, पाच मोजत सावकाश बाहेर. आईनेही शेजारी बसून करावं, नुसतं 'कर' म्हणू नये.

दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल तर सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी विचारा. शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मूल 'जगून काय करू' म्हणालं तर जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, उंदराचं औषध, फिनाईल, गोळ्या घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.