उमेदवाराचं फेसबुक कोणी पाहावं?

जुलै २०२४मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं दिव्यांग प्रमाणपत्र वादात सापडलं आणि समाजमाध्यमांवर तपासणीची मोहीमच सुरू झाली. दिव्यांग कोट्यातून आलेल्या इतर अधिकाऱ्यांचे जुने फोटो लोकांनी उकरून काढले. तेलंगणात नेमणुकीला असलेल्या एका अधिकाऱ्याचे सायकलवरचे फोटो फिरले. ‘हा कसला दिव्यांग?’ असा सवाल. एका पायाला पोलिओ आहे, म्हणून चालता किंवा सायकल चालवता येत नाही असं नव्हे, हा खुलासा त्याला जाहीरपणे करावा लागला.

फोटोवरून निवाडा करायची ही खोड ट्रोलांपुरती असती, तर सोडून देता आली असती. पण दिव्यांगांना कामाधंद्याला लावणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्या समुपदेशकांच्या हातातही तोच मोबाइल असतो. आपल्याकडे हे काम नवं नाही. केंद्र सरकारची पहिली व्यवसाय पुनर्वसन केंद्रं १९६८मध्ये मुंबई आणि हैदराबादला निघाली. आज ती दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं म्हणून ओळखली जातात. कोणाला काय जमतं हे पाहणं, त्याप्रमाणे प्रशिक्षण सुचवणं, मालकाशी बोलणं ही तिथली कामं. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली पुनर्वसन समुपदेशक आणि व्यवसाय समुपदेशक यांची नोंदणीयोग्य व्यावसायिकांत गणना आहे. म्हणजे हे हौसेचं समाजकार्य नव्हे, त्याला व्यवसायाची नीती लागू आहे. समाजमाध्यमांच्या बाबतीत मात्र या नीतीविषयी बरेच गैरसमज दिसतात.

‘फोटोत धडधाकट दिसतो, म्हणजे खोटं बोलतोय’

सगळ्यात जास्त घात करणारा गैरसमज हाच. दिव्यांगत्वाची टक्केवारी वैद्यकीय अधिकारी ठरवतात, तीही ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. म्हणजेच बाकी बरंच काही शाबूत असू शकतं, हे त्या आकड्यातच गृहीत आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. त्यात सिकलसेल, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस आले, मानसिक आजार आधीपासून होताच. यांतलं बरंचसं फोटोत दिसत नाही, आणि रोज सारखंही नसतं. विदर्भातला सिकलसेलचा तरुण लग्नाच्या वरातीत नाचताना दिसेल. त्यानंतरचे चार दिवस अंगदुखीने अंथरुणात काढले, याची रील कोणी बनवत नाही.

कॅनडातल्या क्वेबेकमधलं २००९चं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. नैराश्यामुळे दीर्घ रजेवर असलेल्या एका महिलेचा विमा-भत्ता अचानक थांबला. समुद्रकिनाऱ्यावरचे आणि वाढदिवसाचे तिचे हसरे फोटो कंपनीला फेसबुकवर दिसले होते, असं तिने सांगितलं. मौजमजा करा, बाहेर पडा, हा सल्ला तिला डॉक्टरांनीच दिला होता. केवळ फेसबुकवरच्या माहितीवरून आपण खरा दावा नाकारत नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं. भत्त्याचा वाद बाजूला ठेवला, तरी नैराश्याच्या रुग्णाने हसू नये ही अपेक्षा उरतेच, आणि ती वैद्यकाला धरून नाही.

मग फसवणूक होतच नाही का? होते. दिव्यांगांसाठीचे लाभ लबाडीने घेणं हा २०१६च्या कायद्यानेच गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो तपास करायला यंत्रणा आहे आणि समुपदेशक त्या यंत्रणेचा खबऱ्या नव्हे. खरा पेच वेगळाच असतो. न शोधता काहीतरी समोर येतं. ‘बेकार आहे’ असं फॉर्मवर लिहिणाऱ्या उमेदवाराच्या स्टेटसवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची जाहिरात दिसते. पाहिलं नाही असं दाखवणं अप्रामाणिक, आणि न बोलता फाइलमध्ये शेरा मारणं त्याहून वाईट. ‘हे दुकानाचं स्टेटस मला दिसलं, जरा सांगता का?’ असं समोर बसवून विचारावं. दुकान भावाचं असेल. आठवड्यातून दोन तास बसत असेल. किंवा खरंच कमाई चालू असेल. मग नोकरीऐवजी त्याच धंद्यासाठी कर्ज मिळवून देणं हाच योग्य पुनर्वसनाचा आराखडा ठरेल.

‘खातं उघडं आहे, मग परवानगी कसली?’

इथे कायदा नीतीपेक्षा मोकळा आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्पष्ट सांगतो की माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. उदाहरणही समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या व्यक्तीचंच दिलंय. पण कायदा आडवा येत नाही म्हणून व्यावसायिक नीतीही गप्प बसते असं नव्हे. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४च्या आचारसंहितेत समाजमाध्यमांवरच्या अशिलाच्या खासगीपणाचा मान राखा, पाहायचं तर संमती घ्या, असं म्हटलंय. अमेरिकेतल्या पुनर्वसन समुपदेशकांच्या २०१७च्या संहितेत तर तंत्रज्ञान आणि समाजमाध्यमांसाठी वेगळं प्रकरणच होतं.

कारण साधं आहे. भेटीच्या खोलीत उमेदवार काय सांगायचं ते स्वतः ठरवतो. त्याच्या मागे प्रोफाइल चाळली की तो हक्क जातो. शिवाय पाहिलेलं पुसता येत नाही. त्याची जात, त्याचा पक्ष, तो कोणावर प्रेम करतो, हे एकदा कळलं की पुढच्या आठवड्यात कुठल्या कारखान्यात कोणाचं नाव पाठवायचं, हे ठरवताना ते मनात राहणारच. आपण त्यापलीकडे आहोत असं म्हणणाऱ्या समुपदेशकाची मला जास्त धास्ती वाटते.

याचा अर्थ समाजमाध्यमांचा विषयच टाळावा असा नाही. मालक मंडळी उमेदवाराचं नाव शोधतात, हे त्याला सांगितलंच पाहिजे. शेजारी बसून, त्याच्याच मोबाइलवर, त्याच्या परवानगीने प्रोफाइल पाहावी: लिंक्डइनवर दिव्यांगत्वाचा उल्लेख ठेवायचा की नाही, जुन्या पोस्टचं काय करायचं. निर्णय त्याचा.

‘सही घेतली आहे, फोटो टाकायला हरकत नाही’

तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रं, शिलाई मशिन यांच्या वाटपाचे फोटो आपल्या इतके अंगवळणी पडलेत की त्यात काही प्रश्न आहे असंच वाटत नाही. व्यासपीठावर पाहुणे, मध्ये मशिन, कडेला लाभार्थी. संध्याकाळपर्यंत संस्थेच्या पानावर नावगावासह पोस्ट. सही घेतलेली असते, मान्य. पण ती मशिन हातात पडायच्या आधी, त्याच टेबलावर घेतलेली असते. नाही म्हटलं तर मशिन मिळेल का, ही शंका मनात असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणवत नाही. वस्तू आधी द्यावी, फोटोचं नंतर आणि वेगळं विचारावं, आणि नकार देणाऱ्याचं पुढचं काम अडणार नाही हे तोंडाने सांगावं. मानसिक आजारासाठी मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्यांबाबत तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा संमतीशिवाय फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायला मनाई करतो, आणि गोपनीयतेचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू करतो.

याच पठडीतली आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. नोकरी मेळाव्यासाठी सगळ्या उमेदवारांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना मिळतो. त्यात कोणी दिव्यांग ओळखपत्राचा फोटो टाकला की आजारही. ज्याचं दिव्यांगत्व दिसत नाही आणि ज्याने ते गावात कोणाला सांगितलेलं नाही, त्याचं काय? ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी करायला तेवढीच मिनिटं लागतात. उमेदवाराने समुपदेशकाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असला की झालं.

फ्रेंड रिक्वेस्ट नाकारणं म्हणजे उद्धटपणा, असंही काहींना वाटतं. सध्याच्या अशिलाशी खासगी ऑनलाइन मैत्री ठेवायला अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या संहितेत मनाई आहे. आपल्या तालुक्याच्या गावात समुपदेशक आणि उमेदवार एकाच जत्रेत भेटतात. तिथे नकाराचं कारण पहिल्याच भेटीत सांगितलं तर कोणी रुसत नाही.

‘मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, पासवर्ड आई-वडिलांकडेच हवा’

अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली रीतसर नेमणूक व्हावी लागते. २०१६च्या कायद्याची दिशा तर त्याच्याऐवजी नव्हे, त्याच्यासोबत निर्णय घेण्याची आहे. आईची भीती खोटी नसते. ऑनलाइन फसवणारे अशाच मुलांना गाठतात. पण समुपदेशकाने गुपचूप लक्ष ठेवायचं कबूल केलं, तर मुलगा त्याला काही सांगणं बंद करेल. ओटीपी कोणाला द्यायचा नाही, अनोळखी माणसाने पैसे मागितले तर काय करायचं, हे शिकवणं नोकरीच्या तयारीतच बसतं. पगार खात्यात येऊ लागला की ते लागणारच आहे.

‘मी पाहतच नाही, मग माझी जबाबदारी नाही’

रात्री अकराला उमेदवाराच्या स्टेटसवर ‘आता पुरे झालं’ असं दिसलं, तर खासगीपणाचा मुद्दा बाजूला राहतो. मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही जिवाला धोका असताना आवश्यक तेवढी माहिती उघड करायला मुभा ठेवली आहे. फोन करावा, उचलला नाही तर घरच्यांना गाठावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. पण समुपदेशक प्रत्येक स्टेटस पाहील अशी हमी देऊ शकत नाही, आणि तशी आशाही लावू नये. म्हणून पहिल्या भेटीच्या कागदावर तीन ओळी हव्यात: कार्यालयाच्या वेळेनंतरचे मेसेज वाचले जातीलच असं नाही, तुमची प्रोफाइल तुम्हाला विचारल्याशिवाय पाहिली जाणार नाही, आणि अगदीच असह्य झालं तर हा क्रमांक. वाचता न येणाऱ्याला त्या वाचून दाखवाव्यात, कर्णबधिराला खुणांच्या भाषेत सांगाव्यात.