भिंतीमागची माणसे
चीनची भिंत म्हटली की दगड-विटा आठवतात. पण इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एक करणाऱ्या सम्राट छिन शी ह्वांगच्या काळी ती बरीचशी मातीचीच होती. दोन्ही बाजूंना फळ्या बांधून मधे मातीचा थर टाकायचा, धुमसाने चोपायचा, मग फळ्या वर सरकवायच्या. वाळवंटात हान राजवटीने खडीच्या थरांत बोरू अंथरला. विटांची भिंत प्रामुख्याने मिंग काळातली (१३६८ ते १६४४). चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत, त्याने जोड चिवट होई. राबले ते सैनिक, शेतकरी, कैदी. चिनी लोककथेत मंग च्यांगन्वू या मजुराच्या विधवेच्या आक्रोशाने भिंत कोसळते. इतिहासाने सम्राट लक्षात ठेवला. लोकांनी तिचे अश्रू.