सोलापूरच्या वाटेने आलेले सेनापती
संत गोरोबाकाकांचे तेर गाव ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या अमलाखालील मुलखात होते, त्या जिल्ह्यात १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून जी भारतीय फौज शिरली, तिचे सेनापती मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी (१९०८–१९८३) होत. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल उद्ध्वस्त होण्यापूर्वीच त्यांच्या सैनिकांनी ताब्यात घेतला. हैदराबादकडील पुढची सारी कूच, मला वाटते, त्या एका पुलावर तोलली होती. १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. सँडहर्स्टला शिकलेले, आफ्रिका व ब्रह्मदेशाच्या रणांगणांवर तावून निघालेले चौधरी त्यानंतर हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले आणि पाकिस्तानशी झालेल्या १९६५ च्या युद्धात भारताचे लष्करप्रमुख होते.