भीमनगरचा माणूस हसवतो तेव्हा...

वाचकहो, तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. भीमजयंती जवळ आली की इथेही तोच प्रश्न पुढे येतो : यंदा कार्यक्रम काय ठेवायचा? भाषणे लांबली की लेकरे पेंगतात. नुसता डीजे लावला की म्हातारी माणसे घरची वाट धरतात. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एका सतरंजीवर बसून पाहावे, असे काय आहे? आम्ही म्हणतो, विनोदी नाटक. आणि तेही आपल्याच वस्तीतल्या साध्या माणसाचे.

असे नाटक मराठीत होऊन गेले आहे. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आले. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, कल्पना व संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे. बरेचसे कलावंत जालना जिल्ह्यातले, शेतीमातीत राबणारे. भीमनगर म्हटले की ते कोठे आहे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक शहराच्या कडेला ते असतेच!

गोष्ट मजेची आहे. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार इथेच राहतात. मग महाराजांचा जिरेटोप कोणाच्या डोक्याला बसतो, हे शोधत यमाची वणवण सुरू होते. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसता हसता रयतेचा खरा राजा कोणता, हे त्याला उमगते. महात्मा फुल्यांनी १८६९ साली महाराजांचा पोवाडा लिहिला, त्याच वाटेवरचे हे नाटक.

आम्हांस यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. एरवी नाटक-सिनेमात आपल्या माणसाला दोनच जागा : एक तर त्याने रडायचे, नाही तर इतरांनी त्याला हसायचे. इथे भीमनगरचा माणूस स्वतः हसवतो. दुसऱ्याला हसवायला हिंमत लागते, आणि ती ताठ मानेच्या माणसालाच येते.

ही रीत आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांत गाण्यांबरोबर फार्सही असत. त्यांतून भटभिक्षुकी व अंधश्रद्धेची टर उडवली जाई. न शिकलेल्या आयाबायांना ती लगेच समजे.

म्हणून तळेगावच्या आणि आसपासच्या तरुणांना आमचे सांगणे आहे, यंदा वीस मिनिटांची एक नाटिका स्वतःच लिहा. विषय घरातच आहेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, पण नव्या मोटारसायकलला लिंबू-मिरची बांधणारा एखादा काका घ्या. लग्नात मिरवण्यासाठी कर्ज काढून पुढे हप्ते फेडत बसणारा बाप घ्या. मुलींनाही कामे द्या. पडदा नसला तरी चालेल, दोन खुर्च्या आणि विहारापुढचे अंगण पुरे. मात्र कोणाचे व्यंग, गरिबी वा बायकोचा मार यावर हशा मागू नका.

आपल्या चुकांवर आपणच मोकळेपणाने हसलो, तर त्या सुधारायला सोपे जाते. लिंबू-मिरची बांधणारे काका पहिल्या रांगेत बसून हसले आणि घरी जाऊन ती दोरी त्यांनी स्वतः तोडली, तर नाटिकेचे सार्थक झाले असे समजा.

जय भीम!