दिवस पालटतात, पण आपोआप नाही

वऱ्हाडात कोणाच्या घरी अडचण आली, की शेजारची वडीलधारी माणसे म्हणतात, "जातीन रे, हेही दिवस जातीन." कापसाला भाव नसला, पोरगा शिकून घरी बसला, तरी हेच ऐकू येते. अकोल्याच्या सावतराम मिलचा भोंगा थांबला, तेव्हाही कामगारांच्या घरांना याच शब्दांचा आधार होता. अशा शब्दांनी माणूस एक रात्र निभावून नेतो, म्हणून आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. पण वाईट दिवस जातात ते कशाने, याचा विचार आपण केला पाहिजे.

आपल्याच समाजाचे उदाहरण घेऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. अमरावती-अकोल्याकडची खेडीच्या खेडी बौद्ध झाली. मान मिळाला, पण हातची भाकर अडली. १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नव्हता. त्यामुळे अर्जावर 'बौद्ध' लिहिले की सवलत गेली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. पण रेल्वे, पोस्ट आणि केंद्राच्या इतर नोकऱ्यांचे दार बंदच राहिले. बडनेरा आणि अकोला ही रेल्वेची गावे. गाडी दारावरून जायची, पण राखीव जागेवर बौद्ध म्हणून अर्ज करता येत नव्हता.

त्या दिवसांत माणसांनी काय केले? शिरगणतीचे आकडे बघा. १९५१ साली महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते २,४८७. १९६१ साली ते २७,८९,५०१ झाले. नुकसान समोर दिसत असतानाही लाखो मजुरांनी, कामगारांनी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहून घेतले. नुसती वाट पाहत बसणाऱ्यांचे हे काम नव्हे. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. बायाबापड्या लेकरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या.

तरी दार उघडायला १९९० साल उजाडावे लागले. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना संसदेने दुरुस्ती केली आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देशभर लागू झाल्या. मध्ये गेली चौतीस वर्षे!

वाचकहो, आता कडू गोष्टही बोलू. १९५७ साली अठराव्या वर्षी मॅट्रिक झालेला मुलगा १९९० ला एक्कावन्न वर्षांचा होता. त्याचे नोकरीचे वय कधीच सरले होते. वाईट दिवस गेले, पण त्याच्यासाठी नव्हे, त्याच्या लेकरासाठी. म्हणजे त्याचे सोसणे वाया गेले काय? नाही. त्याने मुलांना शाळेतून काढले असते, तर उघडलेल्या दारातून आत जाणार कोण होते?

दारापूरचे दादासाहेब गवई यांनी रिपब्लिकन चळवळीत हयात घालवली. त्यांचे चिरंजीव भूषण गवई १९६० साली अमरावतीत जन्मले आणि फ्रेजरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले. मे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. सगळ्यांची मुले न्यायाधीश होत नाहीत. पण जी लाइनमन झाली, नर्स झाली, गुरुजी झाली, त्यांच्यामागेही कोणाच्या तरी आईची निंदणीची मजुरी आहे.

तथागतांनी सर्व काही अनित्य आहे असे सांगितले. त्याबरोबर हेही सांगितले, की प्रत्येक गोष्ट कारणाने घडते. पहिले तेवढे धरले तर माणूस हातावर हात देऊन बसतो. दुसरेही धरले तर तो कारण शोधतो आणि कामाला लागतो.

आम्ही कारकुनी करतो. खिडकीशी येणारी माणसे रोज बघतो. दाखला मागायला लोक शेवटच्या तारखेला येतात. आजोबांचा शाळेचा दाखला सापडत नाही, आणि हक्काची जागा हातची जाते. म्हणून विनंती अशी, की घरात खायला कमी असले तरी कागद एका पिशवीत जपून ठेवा. जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणी वेळेत करून घ्या. सावकाराच्या दारी जाण्याआधी बचत गटात बोला. शाळेतले लेकरू, त्यातही मुलगी, कामाला लावू नका. आणि दारूच्या दुकानाला दिवस पालटता येत नाहीत, हे घरच्या कर्त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

शेजारी अडचणीत असेल तर त्याला धीराचा शब्द जरूर द्या. सोबत पायलीभर ज्वारी न्या, नाही तर त्याच्या पोराचा फॉर्म भरून द्या.

जयभीम!